उजव्या दंडातला ठोका

नाना गेले त्याच्या आदल्या दुपारी विजूआत्याने त्यांना आळशी म्हटलं होतं.

कारखान्यात अर्धं झालेलं घंगाळ खरवईवर, म्हणजे भांडं टेकवायच्या लोखंडी दांड्यावर, उपडं घातलेलं होतं आणि नाना भिंतीला पाठ लावून दुसरा चहा पीत होते. आत्या दारात उभी राहिली. ते घंगाळ आता आपलं आपणच मठारून घेणार आहे का, असं तिने विचारलं. मठारणं म्हणजे तांब्यावर हातोड्याचे ठोके एकाशेजारी एक बसवत जाणं. त्याने भांडं कडक होतं आणि अंगभर चकाकते खवले उमटतात. आमच्या तांबट गल्लीत आता दोनच कारखाने उरले होते आणि त्यातला एक आमचा होता. प्लास्टिकवर बंदी आल्यापासून तांब्याला पुन्हा मागणी आली होती, पण भांडी बहुतेक यंत्रावरच निघत. हाताचा ठोका हवा असेल तर लोक आमच्याकडे येत.

"मी बसलेलो नाही, विजूताई," नाना म्हणाले. "शरूचं हाड वाढवतोय."

"बसून?"

"बसल्याशिवाय वाढत नाही ते. विचार तिला."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी डाव्या हाताने एका कळशीला चिंच चोळत होते, उजवा हात झोळीत होता. मी सांगितलं, नाना म्हणतात ते खरं आहे. आत्या म्हणाली की बापलेकींनी मिळून तिला वेड लावायचं ठरवलेलं दिसतं, आणि कप उचलून घेऊन गेली. नानांनी उजव्या दंडावरची काळी पट्टी नीट केली, हातोडा उचलला आणि संध्याकाळपर्यंत कामाला लागले. मधूनच थांबायचे, मान मोडायचे, गल्लीतून जाणाऱ्याला हात करायचे, पुन्हा ठोकायचे. त्या दिवसाबद्दल मला एवढंच सांगता येतं. तो अगदी साधा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. हृदय झोपेतच थांबलं होतं. आम्ही अजून त्यांच्या खोलीतच होतो तेव्हा माझा फोन वाजला. माझ्या हातावर उपचार करणाऱ्या डॉ. तस्नीम इनामदार होत्या. त्यांनी सहज विचारलं, "नाना आज कामावर बसले नाहीत का? पात्र सकाळपासून शांत आहे."

पट्टी अजून त्यांच्या दंडावरच होती.

हे पात्र काय होतं, ते सांगायला हवं.

माझा उजवा दंड कात्रजच्या उतारावर मोडला होता. स्कूटरवरून भांडी पोचवायला निघाले होते, पुढच्या ट्रकने ब्रेक लावला. खांदा आणि कोपर यांच्या मधलं हाड तुटलं. पहिल्या डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि स्क्रू लावून ते जोडलं. हाड जुळलं नाही, स्क्रू सैल झाले. दुसऱ्या खेपेला कमरेच्या हाडाचा चुरा काढून फटीत भरला. तो काही महिन्यांत विरघळून गेला. माझ्या दंडाला मधोमध एक भलताच सांधा तयार झाला. कप उचलला तर हात तिथून वाकायचा. दुखायचं फारसं नाही, पण तो हात माझा आहे असं वाटायचं नाही.

डॉ. तस्नीमनी पहिल्या भेटीत मला ते फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं. मोडलेलं हाड स्वतःच स्वतःला सांधतं, सर्जन फक्त त्याला नीट धरून ठेवतो. पण धरण्यात ढिलाई राहिली किंवा रक्त पोचलं नाही, तर शरीर कंटाळतं. तुटलेली टोकं गुळगुळीत होतात, आतली मज्जेची पोकळी बुजते, मध्ये चिवट धागे भरतात. शरीराची समजूत होते की इथे सांधाच असायचा होता. मग कितीही वर्षं थांबा, ते जुळत नाही. ती बंद टोकं कापून, ताजं रक्त येईपर्यंत मागे जावं लागतं आणि मधल्या फटीत काहीतरी जिवंत ठेवावं लागतं.

ते जिवंत काहीतरी त्या घडवत होत्या. नात्यातल्या माणसाच्या हाडातून थोडी मज्जा घ्यायची, तिच्यातल्या हाड बांधणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, दुसऱ्या शरीराने परक्या म्हणून हाकलू नयेत यासाठी त्यांच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा पुसायच्या आणि खनिजाच्या जाळीवर त्यांना वाढवायचं. इथपर्यंत इतरही लोक पोचले होते. पण नुसत्या वाढवलेल्या पेशी मऊ राहतात. हाड घट्ट होतं ते भार पडल्यावर. म्हणून काचेच्या पात्रात त्या जाळीवर बारीक धक्के द्यावे लागतात. डॉ. तस्नीमचा शोध पुढचा होता. यंत्राने एकसारखे धक्के दिले की पेशी त्यांना सरावतात आणि ढिम्म होतात. माणसाच्या हाताचे धक्के दिले, वेडेवाकडे, मध्ये विसावा असलेले, तर त्या जाग्या राहतात आणि भाराच्या दिशेने तंतू विणत जातात. ठोकणाऱ्याच्या दंडावर पट्टी बांधायची. त्याचा प्रत्येक ठोका त्याच क्षणी पात्रात उमटतो.

नानांच्या उजव्या दंडाचा एक्स-रे पाहून त्यांना हसूच आलं होतं. डाव्याच्या मानाने ते हाड चांगलंच जाड होतं. त्या म्हणाल्या, मज्जा इथूनच घेऊ, आणि तुमचं वय बघून आधी मला भीती वाटत होती ती आता वाटत नाही.

नानांनी मान डोलावली आणि मग, मी शेजारी बसलेली असताना, त्यांना सांगितलं, "हिची आई गेल्यावर माझ्यासाठी हिने कॉलेजातली नोकरी सोडली. इतिहास शिकवायची. मी एकटा पडेन म्हणून हातोडा धरला. तो हात तरी मला परत करू द्या."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी बोलू, असं वाटलं. पण आमच्या घरात बोलणं म्हणजे कारखान्यात बोलणं, आणि कारखान्यात ठोके चालू असताना शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. नानांचे कान तर जन्मभराच्या ठोक्यांनी अर्धे गेलेले होते. त्यांना काही सांगायचं तर समोर जाऊन, हात धरून, ओरडून सांगावं लागे. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

पट्टी बांधल्यावर पहिल्या आठवड्यात नानांनी जी चूक केली ती एखादा तांबटच करू जाणे. डॉक्टरीणबाई आपलं काम बघतायत म्हटल्यावर त्यांनी ठोका असा लावला की घड्याळाने लाजावं. एकही कमीजास्त नाही. चहा बंद, विडी बंद, वळून बघणं बंद. गल्लीतल्या जुन्या लोकांनी येऊन पाहिलं आणि वाहवा केली. आठवडा संपता संपता डॉ. तस्नीमचा फोन आला. तिकडे सगळ्या पेशी झोपल्या होत्या. नानांनी काही नवीन यंत्र घेतलंय का, असं त्यांनी मला विचारलं. मी नानांना समजावलं की तुम्ही फार चांगलं ठोकताय, जरा वाईट ठोका. त्यांना ते अपमानासारखंच लागलं. शेवटी बाईंनी स्वतः येऊन सांगितलं की मला तुमचं कसब नको, तुमचा दिवस हवाय. तेव्हापासून ते चहा पिताना इतक्या तोऱ्यात बसायचे की आत्याचा पारा चढायचा.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून आम्ही घरी आलो. कलश तुळशीपाशी ठेवला. आत्या पाय धुऊन आत आली आणि म्हणाली, "ते तिकडे बरणीत ठेवलंय, तेही घेऊन ये. दहाव्याला सगळं एकदमच सोडायचं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. ते हाड नव्हे, पेशी आहेत. मूळच्या पेशींपैकी आता एकही उरलेली नसेल, सगळ्या नंतर वाढलेल्या आहेत. पूर्वी लोक मेल्यावर डोळे देत, मूत्रपिंड देत, त्यांना गती मिळाली नाही असं कोणी म्हणत नाही. मी बरंच वाचलेलं आहे, आणि त्या दिवशी वाचलेलं सगळं तिच्यासमोर मांडलं. आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोळे देतात ते दुसऱ्याचे होतात. हे तर अजून कुणाचंच झालेलं नाही. माझा भाऊ काचेत अर्धा राहिलेला मला चालणार नाही."

कायद्याने निर्णय माझा एकटीचा होता. पण मला आईइतकंच आत्यानेही वाढवलं होतं. तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी आली आणि या घराचीच झाली. तिला डावलून मी तो तुकडा दंडात घालून घेतला असता, तर रोज तिच्यासमोर तो हात घेऊन जेवायला बसावं लागलं असतं.

त्यात डॉ. तस्नीमनी दुसरी गोष्ट सांगितली. तुकडा अजून कच्चा होता. त्याला आणखी काही आठवडे ठोका हवा होता. नानांचे जुने ठोके साठवलेले होते आणि तेच पुन्हा लावून पाहिले होते, पण पेशी दोन दिवसांत त्यांना सरावल्या. असाच बसवला तर मागच्यासारखा विरघळेल. आणि यानंतर चौथी शस्त्रक्रिया कोणी करणार नाही. दंडाच्या हाडाला पीळ घालून एक शीर जाते, मनगट उचलणारी. दोन वेळा तिथे सुऱ्या फिरल्यामुळे ती आधीच वणात अडकलेली होती. तिला पुन्हा पुन्हा सोडवता येत नाही. थोडक्यात, हा तुकडा फुकट गेला तर मी हातोडा कायमचा खाली ठेवायचा होता.

सातव्या दिवशी मुंबईचे चुलतभाऊ भेटायला आले. बोलता बोलता घंगाळाचा विषय निघाला. आमच्या घरात एक रीत आहे. कारागीर गेला आणि त्याच्या हातचं भांडं अर्धं राहिलं, तर ते मोडीत घालत नाहीत, वितळवत नाहीत, तसंच विसर्जितही करत नाहीत. तेराव्याच्या आत रक्ताच्या माणसाने ते पुरं करायचं. नाना त्यांच्या वडिलांची परात पुरी करूनच कारखान्यात बसले होते. चुलतभाऊ दोघेही बँकेत. ते म्हणाले, शेजारच्या कारागिराला बोलवा, काम झाल्याशी कारण. आत्या म्हणाली, "परक्याचा ठोका? शशीच्या भांड्यावर?" आणि उठून आत गेली. नानांना ती शशीच म्हणायची.

मी तिच्या मागोमाग गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"आत्या, घंगाळ विसर्जित का नाही करायचं?"

"वेडी आहेस का? अर्धं काम आहे ते."

"तिकडे काचेत आहे ते काय आहे? तेही नाना रोज ठोकत होते. घंगाळाआधीपासून. तेही अर्धंच राहिलंय."

ती नळ बंद करून पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाल्यावरही. मी बाहेर आले. पाहुणे गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वर पडले होते आणि खालून ठोका ऐकू आला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग तीन लागोपाठ. मी धावत खाली गेले. आत्या नानांच्या पाटावर बसली होती. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, दंडावर काळी पट्टी ब्लाउजच्या बाहीवरून बांधलेली, आणि तीही उलटी. सत्तरीची बाई, पण हातोडा तिने बरोबर मधल्या जागी धरला होता. लहानपणी वडील बाहेर गेले की ती चोरून ठोके घालायची, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. बायकांनी बसायचं नाही अशी त्या वेळी पद्धत होती.

"बघत काय उभी आहेस?" ती म्हणाली. "ही पट्टी नीट बांध. आणि त्या बाईला सांग, मी थकेन तेव्हा थकेन, मला फोन करायचा नाही."

फोन बाईंनी मलाच केला, तासाभराने. त्यांच्या आवाजात घाई होती. त्यांनी विचारलं की हे कोण ठोकतंय, कारण पात्रातल्या पेशी कधी नव्हे इतक्या कामाला लागल्या आहेत. मी म्हटलं, आत्या. मधे इतका वेळ थांबून ती काय करते, असं त्यांनी विचारलं. मी खाली डोकावून पाहिलं आणि सांगितलं की ती गुडघा चोळते, आणि मला बोलते.

"दोन्ही चालू ठेवायला सांगा," डॉ. तस्नीम म्हणाल्या.

दहाव्याला आम्ही नदीवर अस्थी सोडल्या. आत्याने कलश रिकामा केला, पाण्याकडे बघत म्हणाली, "शशी, राहिलेलं आम्ही बघतो," आणि मागे न बघता चालू लागली. तेराव्याच्या आत घंगाळ पुरं झालं. त्याचा खालचा भाग नानांचा आहे, सरळ आणि शांत. वरचा आत्याचा. तिथे ठोके माकडाने उड्या मारल्यासारखे पडलेत. ज्यांचं होतं त्यांनी ते आनंदाने नेलं. पट्टी मात्र तिने काढली नाही. एक बंब घेतला, मग दोन हंडे. गल्लीतले लोक पुन्हा बघायला येऊ लागले. या वेळी वाहवा कोणी केली नाही, पण खुर्ची टाकून बसत मात्र होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉ. तस्नीमनी मला तो तुकडा दाखवला. अंगठ्याएवढा, पांढरट, किंचित गुलाबी. काचेतून पाहिलं तर त्यात तिरप्या रेघा दिसत होत्या, एका बाजूने वळत गेलेल्या. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, भाराची दिशा. उजव्या हाताने ठोकणाऱ्याच्या हाडात तंतू असेच वळतात. नानांनी सुरुवात केली आणि आत्यांनी पुढे नेली. जोड शोधूनही सापडत नाही.

मला भूल दिली. पुढचं मी त्यांच्याकडून नंतर ऐकलं. आधी ती शीर शोधली. ती जुन्या वणात गुंतून बसली होती. तिला धाग्याधाग्याने मोकळी केली आणि मऊ रबराच्या पट्टीत बाजूला धरली. यातच निम्मा वेळ गेला. मग हाडाची गुळगुळीत टोकं कापत गेले, कापलेल्या जागी रक्ताचे लाल ठिपके फुटेपर्यंत. बुजलेली पोकळी उघडली. मधे तुकडा बसवला, तो घट्ट बसला, आणि दोन्ही बाजूंनी दाबून धातूची पट्टी आवळली. शीर परत जागच्या जागी ठेवली. मग डॉ. तस्नीमनी माझा हात कोपराखाली धरून उचलला. दंड मधे वाकला नाही. तिथे उभ्या असलेल्या एका नर्सने टाळी वाजवली, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशन थिएटरात टाळ्या वाजवायची पद्धत नाही, तरी त्यांनी तिला काही म्हटलं नाही.

मी शुद्धीवर आले तेव्हा समोर त्याच होत्या, आणि त्यांच्यामागे आत्या, पिशवी छातीशी धरून. "मनगट वर करा," त्या म्हणाल्या. माझी हिंमत होईना. शीर गेली असेल तर पंजा तसाच लोंबत राहणार होता. आत्या म्हणाली, "कर ना, पोरी." मी मनगट उचललं. ते उचललं गेलं. जरा थरथरलं, पण वर आलं आणि वरच राहिलं. आत्या मटकन खुर्चीत बसली आणि मग रडली. नाना गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते.

पुढचे महिने वाट बघण्याचे होते. दर खेपेला एक्स-रेमधली फट थोडी धूसर दिसायची. मग एका बाजूने हाडाचा पूल दिसला. मग चारही बाजूंनी. शेवटच्या खेपेला डॉ. तस्नीमनी नवीन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, चित्र समोर लावलं आणि विचारलं की हे हाड कुठे मोडलं होतं ते दाखवा. तिघांनी तीन जागा दाखवल्या. तिन्ही चुकीच्या होत्या. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा आता. ठोका."

आत्याने पाट पुसून ठेवला होता आणि स्वतः दारात उभी होती. खरवईवर तिने कोऱ्या पत्र्याची नवी परात लावली होती. मी बसले. हातोडा उचलला. पहिला ठोका मी अगदी हलका घातला, आणि तो जाताना दंडातून खांद्यापर्यंत सरळ गेला, मधे कुठेही अडला नाही, कुठेही वाकला नाही. दोन वर्षांत मी ती जाणीव विसरले होते. दुसरा जरा जोरात घातला. तिसरा त्याहून. मग मी मोजणं सोडलं. पत्र्यावर खवले उमटत गेले, एकाला लागून एक, आणि त्या लहानशा जागेत तो खणखणीत आवाज असा भरून राहिला की गल्लीतले लोक दुकानांतून बाहेर आले. आत्याने कानांवर हात ठेवले होते आणि ती हसत होती. माझा घाम डोळ्यांत उतरत होता, बोटं दुखत होती, खांदा पेटला होता, आणि मला थांबायचं नव्हतं.

परातीचा एक फेरा पुरा झाला तेव्हा मी थांबले. दारातली माणसं हळूहळू पांगली. आत्या चहा टाकायला आत गेली. कारखान्यात कधी नसते इतकी शांतता झाली. आता ओरडायची गरज नव्हती. मी उजवा दंड डाव्या हाताने धरला आणि नेहमीच्या आवाजात, पण नीट ऐकू जाईल असं म्हटलं.

"नाना, मी तुमच्यासाठी नोकरी सोडली नव्हती. मला हेच करायचं होतं. लहान होते तेव्हापासून मला फक्त हेच करायचं होतं."